बारशाआधीचा निरोप

एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात अतिदक्षता कक्षातल्या, बाळांना नावं नसतात. वॉर्मरच्या माथ्याशी चिकटवलेल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, खाली जन्माची तारीख-वेळ, गर्भाचे आठवडे, वजन. वजनाच्या रकान्यात कधी २.८ किलो दिसतं, कधी ७२० ग्रॅम. ७२० ग्रॅमच्या बाळाचं पाऊल आपल्या अंगठ्याहून आखूड भरतं. कातडी इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात. तोंडातून श्वासनलिकेत गेलेली नळी, नाळेच्या शिरेत घातलेली लाइन, पोटात दूध सोडायची आणखी एक नळी, आणि पावलाला गुंडाळलेला लाल दिव्याचा प्रोब. आई पहिल्यांदा आत येते तेव्हा बहुधा हात मागे घेऊनच उभी राहते. नक्की कुठे हात लावायचा, हेच तिला कळत नाही.

यातली बरीचशी बाळं जगतात आणि दुपट्यात गुंडाळून घरी जातात, हे आधी सांगितलं पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ वाचणं ही आता चांगल्या एनआयसीयूत नवलाई राहिलेली नाही. हा लेख उरलेल्या बाळांबद्दल आहे. ज्यांच्यासाठी करण्यासारखं सगळं करून झालंय, आणि तरीही जी जाणार आहेत हे डॉक्टरांना, सिस्टरना आणि मनातल्या मनात आईबापांनाही कळलेलं आहे, त्या बाळांचे शेवटचे दिवस कसे जातात?

महाराष्ट्रात २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. देशाचा आकडा २० होता. यातले बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातले, म्हणजे बारशाचा दिवस उजाडायच्या आतले. कित्येकदा तर पाचवीही पुजलेली नसते. हा आकडा खाली आला तो फार कष्टांनी. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरला, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात शिशू कक्ष उभे राहिले. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात.

मृत्यू कमी झाले, तशी मृत्यूची जागाही बदलली. पूर्वी बाळ जायचं ते घरात, आईच्या अंगावर. उपचार नव्हते, ही भयंकर गोष्ट होती आणि त्या दिवसांचे गोडवे गाण्याचं काही कारण नाही. पण आता बाळ जातं ते बंद दारापलीकडे, अनोळखी माणसांत, मॉनिटरच्या आवाजात. आई तेव्हा वरच्या मजल्यावर सिझेरियनच्या टाक्यांवर हात ठेवून पडलेली असते. पुष्कळदा तर ती दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात असते, कारण बाळंतपण तालुक्याला झालं आणि बाळाला १०८ रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला हलवलं. तिला सांगितलेलं असतं, 'बाळ काचेत ठेवलंय, बरं आहे.'

ही बाळं कोण असतात? काही फार लवकर आलेली असतात. तेवीस-चोवीस आठवड्यांची फुप्फुसं सर्फॅक्टंट देऊनही हवा धरत नाहीत, किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव होतो, किंवा आतड्याचा बराचसा भाग सडतो. काही पूर्ण दिवसांची, गुटगुटीत, तीन किलोंची असतात. कळा लांबल्या, नाळ अडकली, जन्मल्यावर रडली नाहीत. आईबापांना हे पचवणं सर्वांत अवघड जातं, कारण बाळ बघायला अगदी धडधाकट दिसतं. फक्त ते डोळे उघडत नाही, चोखत नाही, झटके थांबत नाहीत आणि श्वास यंत्राचा असतो. आणि काहींच्या घडणीतच असं काही राहून गेलेलं असतं की त्यावर शस्त्रक्रियेचाही उपाय नसतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोवीस आठवड्यांपुढेही गर्भपात करता येतो. तरी काहींना निदान उशिरा कळतं, आणि काही आया कळूनही नऊ महिने पोटात वाढवतात. त्यांना ते मूल एकदा बघायचं असतं. हा त्यांचा अधिकार आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अपंगत्व येईल म्हणून उपचार थांबवणं, हा या लेखाचा विषय नाही. एप्रिल १९८२ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला डाउन सिंड्रोम असलेलं एक बाळ जन्मलं. त्याची अन्ननलिका जोडलेली नव्हती. ती शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्यासारखी होती. आईबापांनी नकार दिला, न्यायालयाने तो मान्य केला आणि बाळ सहा दिवसांत गेलं. 'बेबी डो' या नावाने ते प्रकरण गाजलं आणि १९८४ मध्ये तिथे कायदाच बदलला. ते बदल झाले हे योग्यच झालं. डाउन सिंड्रोमचं मूल शाळेत जातं, नाचतं, आईच्या गळ्यात पडतं. त्याला जगवायचं नाही असं ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. इथे प्रश्न आहे तो ज्या बाळाचं मरण टळणारच नाही, फक्त लांबवता येईल, त्या बाळाचा.

हा प्रश्न उघडपणे मांडणारे पहिले डॉक्टरही अमेरिकेतलेच. रेमंड डफ आणि ए. जी. एम. कॅम्बेल यांनी १९७३ मध्ये लिहिलं की येल-न्यू हेवन रुग्णालयातल्या त्यांच्या कक्षात झालेल्या २९९ मृत्यूंपैकी ४३ मृत्यू उपचार थांबवल्यामुळे किंवा न दिल्यामुळे झाले होते, आणि ते निर्णय आईबापांबरोबर बसून घेतले होते. खळबळ माजली. पण असं सगळीकडेच घडत होतं. या दोघांनी ते सही करून कागदावर आणलं. नेदरलँड्समध्ये पुढे ग्रोनिंगेन नियमावली आली. तिच्यात काही अटींवर औषध देऊन जीवन संपवण्याचीही मुभा आहे. भारतात ते बेकायदा आहे आणि इथे त्याची मागणीही कुणी करत नाही. यंत्र थांबवून आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं ही वेगळी गोष्ट, आणि त्याला आपल्या कायद्याने वाट करून दिलेली आहे.

त्या वाटेची सुरुवात मुंबईतच झाली. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्यासाठीची दयामरणाची मागणी फेटाळली, पण निरुपयोगी उपचार काढून घेण्याची शक्यता तत्त्वतः मान्य केली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात बसवला, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट पद्धत थोडी सोपी केली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, कुटुंबाची संमती आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं.

हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर मोठा माणूस होता, हे वाचताना जाणवत राहतं. मोठ्या माणसाने आधी काही बोलून ठेवलेलं असतं, त्याचा स्वभाव घरच्यांना ठाऊक असतो. दोन दिवसांच्या बाळाने काय बोलून ठेवलेलं असणार? आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता दोन मंडळांएवढे नवजाततज्ज्ञ आणायचे कुठून? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्ये अखेरच्या काळजीविषयी सहमतीचं निवेदन काढलं, आयसीएमआरने २०२० मध्ये हृदय बंद पडल्यावर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. कागद तयार आहेत. कागद आणि कक्ष यांच्यामध्ये डॉक्टरांची भीती उभी आहे: उद्या पोलीस आले तर? नातेवाइकांनी काचा फोडल्या तर? म्हणून जिथे निर्णय घ्यायचा तिथे 'अजून ४८ तास बघू' होतं, आणि त्या ४८ तासांचे आठ दिवस होतात.

आणि मग निर्णय बिल घेतं.

आपल्याकडच्या दवाखान्यांत त्याचं नाव 'डामा'. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर बाळ घरी नेत असल्याच्या कागदावर बाप सही करतो. खासगी एनआयसीयूत रोजचा खर्च वाढत जातो. आधी बायकोचं मंगळसूत्र जातं, मग सोसायटीचं कर्ज, मग भावाकडून उसने. एका टप्प्यावर घरातला वडीलधारा माणूस बापाला बाहेर जिन्यापाशी नेतो आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगतो. बाप परत येऊन म्हणतो, 'घरी नेतो, डॉक्टर.' कुणीच कुणाला खरं कारण सांगत नाही. नळी काढली जाते, किंवा तशीच ठेवून अँब्यू बॅग दाबत बाळ गाडीत घातलं जातं, आणि वाटेत कुठेतरी ते जातं. त्या बाळाला वेदनाशामक मिळत नाही. त्याच्याबरोबर सिस्टर नसते. पुष्कळदा आईही नसते. दवाखान्याच्या वहीत मृत्यू लागत नाही, 'डामा' लागतो.

मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचलं ते हे. उपचार थांबवणं इथे रोज घडतं आहे. फक्त ते वैद्यकीय निर्णय म्हणून घडत नाही, तर गरिबी म्हणून घडतं. ज्याची आशा संपलेली आहे त्याला यंत्रावर ठेवलं जातं कारण कुणी बोलत नाही, आणि ज्याची आशा शिल्लक असेल तेही बाळ घरी जातं कारण पैसे संपले. सरकारी रुग्णालयात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. तिथे खाटेची अडचण असते, व्हेंटिलेटरची असते, पण निदान त्या पैशांच्या सहीची पाळी येऊ नये. खासगीतल्या आईबापांना पहिल्याच दिवशी हा पर्याय कुणी सांगितला, तर कित्येक सह्या टळतील.

आता वेदनेबद्दल. ऐंशीच्या दशकापर्यंत जगभर समज असा होता की नवजाताची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला आपल्यासारखं दुखत नाही. त्या समजापायी बाळांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. हे खोडून काढलं ते इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी. हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी बांधण्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी काहींना त्यांनी फेंटानिल दिलं, काहींना नेहमीचीच हलकी भूल. ज्यांना फेंटानिल मिळालं त्यांच्या शरीरावरचा ताण स्पष्टपणे कमी दिसला आणि गुंतागुंतही कमी झाली. १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगातल्या बाळांची भूल बदलली.

नळी घातलेलं बाळ रडतं, पण आवाज येत नाही. त्याचं दुखणं बघून ओळखावं लागतं. भुवयांमधली कातडी फुगते, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, बोटं पसरतात किंवा मुठी वळतात, ठोके वाढतात, प्राणवायू उतरतो. अनुभवी सिस्टरला हे लांबून कळतं. मरणाऱ्या बाळासाठी मॉर्फीन किंवा फेंटानिल हाताशी असणं म्हणूनच ऑक्सिजनइतकंच महत्त्वाचं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फीनचे परवाने सोपे झाले आहेत. लहान दवाखाने तरीही ते ठेवायला कचरतात. ही अडचण कायद्याची राहिलेली नाही, इच्छेची आहे.

निरोप नीट देता येतो. तो कसा, हे सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक आईबापांना असं काही मागता येतं हेच माहीत नसतं.

आधी बोलणं होतं, उभ्याउभ्या कॉरिडॉरमध्ये नव्हे, तर बसून, दार लावून, आई आणि बाप दोघांशी. 'आता काही करण्यासारखं नाही' हे वाक्य तिथे येऊ नये, कारण ते खरं नाही. करण्यासारखं बरंच असतं. रक्ताच्या तपासण्या थांबवतात, म्हणजे टाचेला सुया टोचणं थांबतं. औषधापुरती एक लाइन ठेवून बाकीच्या काढतात. मॉनिटरचा आवाज बंद करतात किंवा पडदा दुसरीकडे वळवतात. गालावरच्या चिकटपट्ट्या ओल्या कापसाने भिजवून हळूहळू सोडवतात, म्हणजे कातडी निघत नाही. आणि त्या निघाल्यावर आईला बाळाचा चेहरा कित्येकदा पहिल्यांदाच दिसतो. वेदनाशामक आधीच दिलेलं असतं. नळीसकट बाळ आईच्या मांडीवर, शक्यतो उघड्या छातीशी देतात, आणि नळी तिथेच काढतात. त्यानंतर श्वास लगेच थांबेल असं नाही. काही मिनिटं जातात, कधी काही तास, क्वचित दिवस. शेवटी बाळ लांब अंतराने धापा टाकल्यासारखं करतं. हे आधी सांगून ठेवलेलं नसेल तर आई हादरते, तिला वाटतं ते गुदमरतंय, आपण चूक केली. आधी सांगितलं असेल तर ती धरून राहते. सिस्टर मधूनमधून स्टेथोस्कोप लावते आणि ठोके थांबले की सांगते. बाळ काढून घ्यायची घाई कुणी करत नाही.

या वेळात घरचे आपल्या रीतीने जे करू इच्छितात ते करू देणं ही कक्षाची जबाबदारी आहे. कुणी ओठांना गंगाजल लावतं, कुणी कानात अजान म्हणतं. ख्रिस्ती घरात पाद्री पोचले नाहीत तर अशा निकडीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, सिस्टरसुद्धा. कुणी नाव ठेवतं. शाईत बुडवलेल्या पावलाचा ठसा घेऊन देता येतो. काही घरांत तो नको असतो, काही आया तो वर्षानुवर्षं कपाटात साड्यांखाली जपतात. विचारावं, लादू नये. आणि ज्यांना बाळ शेवटचे दिवस घरीच हवं असेल, त्यांना ते औषधासह, दूध कसं द्यायचं हे शिकवून, रात्री लागणारा फोन नंबर देऊन पाठवता येतं. 'डामा'मध्ये आणि या जाण्यामध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभारली. नवजात बाळं वाचवण्यात त्यांची हयात गेली. मुलगी कर्करोगाने गेल्यावर त्यांनी तिच्या, रोमिलाच्या, नावाने मुंबईतच पॅलिएटिव्ह केअर सुरू केली. मला हा प्रवास फार बोलका वाटतो. जीव वाचवणं आणि जाणाऱ्याला सांभाळणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं नव्हेत.

बाळ गेल्यावर आईचं शरीर थांबत नाही. दोन-चार दिवसांनी पान्हा फुटतो. छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो, आणि घरात त्याबद्दल बोलायची चोरी. थंड पट्ट्या, दुखणं हलकं होण्यापुरतंच थोडं दूध काढणं, गरज पडल्यास डॉक्टरांची गोळी, एवढ्याने ते आटोक्यात येतं. काही आया ते दूध पेढीला देतात आणि त्यांना त्यात बरं वाटतं. डिस्चार्जच्या कागदावर हे चार ओळींत लिहून देता येईल. क्वचितच कुणी देतं.

आपल्या रीतीही इथे आईच्या बाजूने उभ्या राहत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीने दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पुरावं, तर्पण करू नये, असं सांगितलं आणि बहुतेक हिंदू घरांत आजही तान्ह्याला पुरतातच. दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला येणारी माणसं नाहीत. बाप आणि दोन पुरुष दुपट्यातलं गाठोडं घेऊन जातात, पुष्कळदा रिक्षानेच, कारण एवढ्याशा देहासाठी शववाहिका कोण देतो. आईला जागाही दाखवत नाहीत. 'लहान आहेस, दुसरं होईल,' हे वाक्य तिला पहिल्या आठवड्यातच ऐकवलं जातं. प्रेमाने म्हणतात हे मान्य, पण गेलेल्या मुलाचा त्यामुळे कधी जन्मच झाला नव्हता असं ठरवलं जातं. त्याचा जन्म झाला होता. जिवंत जन्मलेल्या बाळाची, ते तासभर जगलं तरी, जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी एकवीस दिवसांत करणं कायद्याने बंधनकारक आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच दगावलं तर आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष रजा दिली. खुरपणीला जाणाऱ्या बाईला, धुणीभांडी करणारीला, ऊसतोड कामगाराच्या बायकोला त्यातला एकही दिवस मिळत नाही.

सिस्टरांचा उल्लेख मी सतत करतो आहे, कारण या खोलीत रात्रभर त्याच असतात. बाळ गेलं की वॉर्मर पुसतात, नवी चादर घालतात आणि तासाभरात त्यावर दुसरं बाळ येतं. त्यांना थांबून रडायला जागा नाही आणि वेळ तर नाहीच. ज्या कक्षात मृत्यूनंतर सगळे दहा मिनिटं एकत्र बसून बोलतात, तिथल्या सिस्टर टिकतात, असं जाणते डॉक्टर सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे.

नव्या नवजात कक्षाला मंजुरी देताना व्हेंटिलेटर किती, वॉर्मर किती, हे मोजलं जातं. त्याच यादीत आणखी काही गोष्टी घातल्या पाहिजेत: आडोसा असलेली एक जागा, वेदनाशामकाचा परवाना, आईबापांशी बोलायचं प्रशिक्षण घेतलेला एक माणूस, आणि आई दुसऱ्या दवाखान्यात असेल तर तिला आणणारी गाडी. यातलं काहीही व्हेंटिलेटरइतकं महाग नाही. आरोग्य खात्याने हे शासन निर्णयात लिहावं आणि तपासणीत बघावं.

आणि तुमच्या घरात किंवा ओळखीत ही वेळ आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी थेट विचारा. बाळाला दुखतंय का, आणि त्यासाठी काय देताय? हे उपचार त्याला बरं करतायत, की फक्त दिवस वाढवतायत? आणि बाळाला मांडीवर कधी घेता येईल? विचारताना आईला सोबत न्या. ती ओली बाळंतीण आहे, तिला सोसणार नाही, असं म्हणून तिला वर ठेवू नका. तिला व्हीलचेअरवरून खाली आणता येतं.